न ऐकलेले ऐकले म्हणू नका!

बऱ्हाणपूर जिल्ह्यातील मोहद हे गाव २०१७ सालच्या जूनपूर्वी जिल्ह्याबाहेर फारसे कोणाच्या कानी नव्हते. त्या महिन्याच्या १८ तारखेला लंडनच्या ओव्हल मैदानावर चॅम्पियन्स करंडकाचा अंतिम सामना झाला. पाकिस्तानने ३३८ धावा केल्या, आपला संघ १५८ धावांत आटोपला आणि १८० धावांचा तो पराभव साऱ्या देशाने मुकाट्याने गिळला. खेळातला पराभव तो! चार दिवस हळहळावे, निवड समितीच्या नावाने बोटे मोडावीत आणि पुढच्या सामन्याची वाट पाहावी, एवढीच त्याची किंमत. परंतु मोहदच्या पंधराहून अधिक मुसलमान गावकऱ्यांना ती किंमत सहा वर्षे मोजावी लागली. पाकिस्तान जिंकल्याच्या आनंदात त्यांनी फटाके उडवले, घोषणा दिल्या, असा आरोप ठेवून पोलिसांनी त्यांना धरले आणि भारतीय दंड संहितेचे कलम १२४ अ, म्हणजे राजद्रोहाचे कलम, त्यांच्यावर लावले.

पुढे काय झाले? ज्या शेजाऱ्याच्या नावावर ही फिर्याद नोंदवली गेली होती, त्या हिंदू शेजाऱ्यानेच वार्ताहरांना सांगितले की अशी फिर्याद आपण दिलीच नाही आणि तसल्या घोषणाही ऐकल्या नाहीत. काही दिवसांतच राजद्रोहाचे कलम गळून पडले व त्याच्या जागी दोन समाजांत वैर माजवल्याचे कलम १५३ अ आले. आरोपींना जामीन मिळाला; पण खटला उभाच राहिला. तारखेमागून तारखा पडल्या. अखेर २०२३ सालच्या ऑक्टोबरात न्यायालयाने त्यांना निर्दोष ठरवले. त्यांच्यापैकी एकजण निकालाचा दिवस पाहण्यापूर्वीच हे जग सोडून गेला होता. त्याला निर्दोष म्हणणारा कागद कोणाच्या हाती द्यावा, हे कोणत्याच संहितेत लिहिलेले नाही.

वाचकहो, ही जुनी बातमी आम्ही आज पुन्हा उगाळतो आहोत, त्याला कारण आहे. भाषणस्वातंत्र्याचा विषय निघाला की आपल्याकडे लोकांना दिल्लीतले मोठे संपादक, मुंबईतले नामांकित लेखक आणि सर्वोच्च न्यायालयातले घटनापंडित आठवतात. जणू काही हे स्वातंत्र्य म्हणजे शिकल्यासवरल्यांच्या दिवाणखान्यात ठेवायची चांदीची गुलाबदाणी आहे! मोहदचा खटला सांगतो की तसे नाही. भाषणस्वातंत्र्याची खरी परीक्षा सभागृहात होत नाही. ती होते ओट्यावर, पारावर, चहाच्या टपरीवर. सभेत माणूस शब्द तोलून बोलतो. ओट्यावर तो मन मोकळे करण्यासाठी बोलतो. ज्या गावात ओट्यावरचा माणूस मागे वळून, कोण ऐकते आहे ते पाहून मग तोंड उघडतो, त्या गावात घटनेच्या कितीही प्रती वाटल्या तरी व्यर्थ आहेत.

आणि ओट्यावरच्या बोलण्याला काय मर्यादा असते हो? शनवाऱ्यात किंवा जयस्तंभापाशी संध्याकाळी कोणत्याही टोळक्याजवळ क्षणभर थांबावे. यंत्रमागावरून सुटलेला कामगार पालिकेपासून पंतप्रधानांपर्यंत सर्वांचा हिशेब एका कपात चुकता करतो. केळीचा भाव पडल्यामुळे जळफळत आलेला शेतकरी अमक्या मंत्र्याला भर चौकात उलटे टांगले पाहिजे असे ठणकावून सांगतो आणि दुसऱ्याच क्षणी बिडीसाठी काडेपेटी मागतो. त्या टांगण्यात दोर नसतो व फासही नसतो. तो केळीचा भाव बोलत असतो. बोलण्याला शेला-पागोटे चढवून कोणी चहाला बसत नाही. अतिशयोक्ती, टिंगल, टोमणा, शिवी, अर्धी थट्टा आणि अर्धा संताप यांनीच हे बोलणे बनते. त्यातच भर म्हणजे आपले बऱ्हाणपूर बोलते तरी कोणत्या एका भाषेत? मराठीत सुरू झालेले वाक्य हिंदीतून वळसा घेते, उर्दूतून जोर आणते व निमाडी किंवा खानदेशी हेल काढून संपते. असले वाक्य उचलून पोलीस ठाण्यातल्या कारकुनी हिंदीत जसेच्या तसे उतरवणे म्हणजे तव्यावरची भाकरी मोजपट्टीने मोजणे होय. लांबी-रुंदी कळेल; चव कळणार नाही.

हा भाषांतराचा फास मराठी माणसाला नवा नाही. १९०८ साली लोकमान्य टिळकांवर जो राजद्रोहाचा खटला झाला, त्यात आपल्या मराठी लेखांची इंग्रजी भाषांतरे कशी विकृत आहेत हे दाखवण्यात लोकमान्यांनी आपला पुष्कळ वेळ घालवला. अनेक दिवस मिळून सुमारे २१ तास ते बोलले. पण ज्या पंचमंडळाला पटवायचे, त्यातल्या नऊपैकी सात जणांना, म्हणजे साऱ्या युरोपियनांना, मराठीचा गंध नव्हता. सात विरुद्ध दोन अशा मताने ते दोषी ठरले व सहा वर्षांसाठी मंडालेला गेले. त्यापूर्वी १८९७ साली, पहिल्या खटल्यात, न्यायमूर्ती स्ट्रॅची यांनी कायद्यातल्या शब्दाचा अर्थ लावताना सरकारविषयी प्रीती नसणे म्हणजेच अप्रीती, असा न्याय केला होता. काय हा अर्थ! नवऱ्याला बायकोवर आणि बायकोला नवऱ्यावर प्रीती करायला लावणारा कायदा जगात कोणी केला नाही. पण परक्या सरकारवर प्रीती केली नाही म्हणून दीड वर्ष सक्तमजुरी मात्र दिली गेली! प्रीती कायद्याने निर्माण करता येत नाही, हेच पुढे १९२२ साली अहमदाबादच्या न्यायालयात गांधीजींनी न्यायाधीशांना शांतपणे समजावून सांगितले आणि सहा वर्षांची शिक्षा हसतमुखाने स्वीकारली.

हे कलम दंड संहितेत १८७० साली घातले गेले ते राजाच्या रक्षणासाठी. त्याचा पहिला राग होता तो उपरोधावर. ‘काळ’कर्ते शिवरामपंत परांजपे यांचे हत्यार कोणते होते? वक्रोक्ती! ते सरकारची स्तुती करू लागले की सरकारला घाम फुटत असे. १९०८ सालीच त्यांना १९ महिन्यांची शिक्षा झाली आणि पुढे त्यांच्या निबंधांचे संग्रहही सरकारने जप्त केले. आमच्या मध्य प्रांतातही हेच घडले. नागपुरातून ‘हिंदी केसरी’ काढणारे माधवराव सप्रे हे मराठी घरातले आणि हिंदीचे संपादक. त्यांना त्याच साली अटक झाली. १९२५ पासून खंडव्याहून ‘कर्मवीर’ चालवणारे माखनलाल चतुर्वेदी त्याआधीच, १९२१ साली, एका भाषणापायी राजद्रोहाच्या आरोपाखाली तुरुंगात जाऊन आले होते. बऱ्हाणपूर २००३ पर्यंत त्याच खंडव्याच्या जिल्ह्यात होते. तेव्हा राजद्रोहाचे कलम काय असते हे आमच्या या मुलखाने परक्यांच्या राज्यात पुरतेपणी पाहिले आहे. स्वतःच्या राज्यात ते पुन्हा पाहावे लागेल असे मात्र त्या पिढीला वाटले नसेल.

कोणी म्हणेल, टिळक-परांजपे देशासाठी बोलत होते; ओट्यावरची टवाळी हा त्यांच्याशी तुलना करण्याचा विषय आहे काय? आमचे उत्तर आहे की टवाळी हा मराठी वृत्तीचा जुना आणि सन्मान्य वारसा आहे. जनाबाईने प्रत्यक्ष विठोबाला तोंडावर शिव्या दिल्या; देवाने रुसून फिर्याद नोंदवल्याचे कोणत्याही संतचरित्रात नाही. उलट तिच्यासोबत तो दळायला बसला असेच महाराष्ट्राने मानले. एकनाथ महाराजांनी भारुडांतून ढोंगी जोशी-गोसाव्यांची सोंगे आणली. तमाशाच्या वगात सोंगाड्या राजाची व प्रधानाची तोंडावर फजिती करतो आणि समोर बसलेला गावचा पाटीलही पोट धरून हसतो. १८४८ पासून लोकहितवादींनी भाऊ महाजनांच्या ‘प्रभाकर’ पत्रातून स्वतःच्याच जातीच्या व समाजाच्या दोषांवर कोरडे ओढले, तेव्हा त्यांनी शब्दांना लोणी लावले नव्हते. ज्या समाजाने देवाला, गुरूला आणि स्वतःला हसण्याची मुभा ठेवली, त्याने मंत्र्याला आणि ठाणेदाराला हसू नये, हे कोणी ठरवले?

स्वातंत्र्य आले, राजा गेला. पण राजाचे कलम गेले नाही. १९५३ साली बिहारात बरौनी येथे केदारनाथ सिंह नावाच्या एका कार्यकर्त्याने भाषणात गुप्त पोलिसांना कुत्रे म्हटले आणि काँग्रेसवाल्यांना गुंड ठरवले. त्याला एक वर्षाची शिक्षा झाली. १९६२ साली सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने या खटल्यात कलमाला लगाम घातला. हिंसाचाराला वा सार्वजनिक शांतता भंगण्याला चिथावणी असेल तरच राजद्रोह, नुसत्या कडक टीकेला राजद्रोह म्हणता येणार नाही, असे सांगितले. तथापि केदारनाथाचे अपील फेटाळलेच गेले! तत्त्व सुटले आणि माणूस अडकला. आपल्या देशातल्या भाषणस्वातंत्र्याचा इतिहास या एका निकालात सामावला आहे. निकालपत्रे उदार असतात. पण ती उदारता बोलणाऱ्याच्या घरापर्यंत पोचता पोचता त्याचे घर बसलेले असते.

कोणी याहून पुढे जाऊन विचारील: मोहदमध्ये घोषणा झाल्या नाहीत हे ठीक, पण समजा, झाल्याच असत्या तर? हा प्रश्न टाळण्याचा भित्रेपणा आम्ही करणार नाही. खेळात शत्रूच्या बाजूने आनंद मानणारा मनुष्य आम्हालाही रुचणार नाही आणि ते आम्ही त्याला तोंडावर सांगू. पण न रुचणे वेगळे आणि गुन्हा वेगळा. १९९९ सालच्या जानेवारीअखेर चेन्नईच्या चेपॉक मैदानावर भारत अवघ्या १२ धावांनी पाकिस्तानकडून हरला, तेव्हा तिथल्या हजारो प्रेक्षकांनी उभे राहून विजयी पाकिस्तानी संघासाठी टाळ्या वाजवल्या. सारे जग त्या प्रेक्षकांचे आजवर कौतुक करते. मद्रासी टाळी ही खिलाडूपणा आणि मोहदची टाळी हा राजद्रोह, असा दुटप्पी हिशेब कोणत्या देशभक्तीत बसतो?

न्यायालयांचे म्हणणेही तेच आहे. ३१ ऑक्टोबर १९८४ रोजी, इंदिरा गांधींची हत्या झाली त्याच दिवशी, चंडीगडमध्ये दोन सरकारी नोकरांनी खलिस्तानच्या घोषणा दिल्या. त्या घोषणा होत्या. त्यात वाद नव्हता. तरीही १९९५ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की एक-दोनदा दिलेल्या अशा घोषणांनी, ज्यांना कोणी प्रतिसादही दिला नाही, राजद्रोह होत नाही. अगदी अलीकडचे उदाहरण कोल्हापूर जिल्ह्यातले आहे. तिथल्या एका प्राध्यापकाने आपल्या मोबाईलवर काश्मीरविषयक कलम ३७० रद्द करण्याचा निषेध केला व १४ ऑगस्टला पाकिस्तानला स्वातंत्र्यदिनाच्या शुभेच्छा लिहिल्या. त्याच्यावर तेच १५३ अ कलम लावले गेले, जे मोहदवर लागले होते. ७ मार्च २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो गुन्हा रद्द केला. दुसऱ्या देशाला त्याच्या स्वातंत्र्यदिनी शुभेच्छा देणे हा सदिच्छेचा भाग आहे असे म्हटले, आणि आपल्या पोलीस यंत्रणेला भाषणस्वातंत्र्य म्हणजे काय ते शिकवण्याची वेळ आली आहे, असा शेराही मारला. शेरा उत्तम आहे. शाळा कधी भरणार, एवढाच प्रश्न आहे!

ती शाळा आमच्या मध्य प्रदेशात तरी अजून भरलेली दिसत नाही. १ जानेवारी २०२१ रोजी इंदुरात मुनव्वर फारुकी या विनोदकाराला एका कार्यक्रमात धरण्यात आले. देवदेवतांची टिंगल केल्याचा आरोप होता. कार्यक्रम मध्येच बंद पाडला गेला होता आणि त्याने तसे काही म्हटल्याचा चित्रित पुरावा पोलिसांपाशी नसल्याचे त्या वेळच्या बातम्यांत आले. तरी सर्वोच्च न्यायालयाने ५ फेब्रुवारीला जामीन देईपर्यंत तो महिनाभर कोठडीत राहिला. २०२२ च्या एप्रिलमध्ये सीधी येथील कोतवालीत एका पत्रकाराला व काही नाट्यकर्मींना कपडे उतरवून उभे केल्याचे छायाचित्र देशभर पसरले. मोहदच्या घोषणा, इंदूरचा विनोद! या दोन प्रकरणांत एक भयंकर साम्य आहे. पूर्वी बोललेल्या शब्दाबद्दल शिक्षा होत असे. आता सिद्ध न होऊ शकणाऱ्या शब्दाबद्दलही होते, आणि ती खटल्याच्या आधीच भोगावी लागते.

हा रोग एका पक्षाचा आहे असे समजून कोणी टाळ्या पिटू नयेत. १९७५ सालच्या डिसेंबरात कऱ्हाडच्या साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदावरून दुर्गाबाई भागवतांनी आणीबाणीविरुद्ध आवाज उठवला आणि पुढच्या साली त्यांना तुरुंगात जावे लागले. तेव्हा राज्य काँग्रेसचे होते. २०१२ सालच्या नोव्हेंबरात बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतर मुंबई का बंद, असा साधा प्रश्न फेसबुकवर लिहिणाऱ्या पालघरच्या एका तरुणीला आणि त्याला पसंती दर्शवणाऱ्या तिच्या मैत्रिणीला पोलिसांनी पकडले. तेव्हाही राज्यावर काँग्रेस-राष्ट्रवादीच होती. ज्या पुरुषाने १९६० साली ‘मार्मिक’ काढून साऱ्या पुढाऱ्यांची व्यंगचित्रे रेखाटली, त्याच्या नावाने एका मुलीचा प्रश्न गुन्हा ठरावा, हा केवढा दैवदुर्विलास! ज्या कायद्याखाली तिला धरले, त्यातले कलम ६६ अ सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी घटनाबाह्य ठरवून मोडीत काढले. खुर्चीवर कोणीही बसो. खुर्चीला थट्टा सोसत नाही. जो आज विरोधी बाकावरून भाषणस्वातंत्र्याचे गोडवे गातो, तो उद्या खुर्चीवर बसला की हीच फाईल मागवतो.

आता काहीजण म्हणतील, ते जुने कलम तर गेले! खरे आहे. ११ मे २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने १२४ अ ला स्थगिती दिली आणि १ जुलै २०२४ पासून नवी भारतीय न्याय संहिता आली. तिच्यात राजद्रोह हा शब्द नाही. पण कलम १५२ आहे. देशाचे सार्वभौमत्व, एकता व अखंडता धोक्यात आणणाऱ्या कृत्यांचे ते कलम शब्द, लेखन, खुणा आणि इलेक्ट्रॉनिक संदेश या सर्वांना कवेत घेते. जुन्या कलमात जन्मठेप किंवा ३ वर्षांपर्यंत कैद होती. नव्यात जन्मठेप किंवा ७ वर्षांपर्यंत आहे. सापाने कात टाकली; तो म्हातारा झाला असे कोणी समजू नये. १५३ अ चे कलमही १९६ या नव्या क्रमांकाने जागेवरच आहे.

मग बोलण्याला मर्यादाच नको काय? हवी, आणि ती घटनेच्या एकोणिसाव्या अनुच्छेदाने घातलेलीही आहे. अमक्याचे घर जाळा, अमक्या वस्तीवर चालून जा, असे सांगणारा मनुष्य थट्टा करीत नसतो. तो काडी ओढत असतो आणि त्याचा हात धरणे हे सरकारचे कर्तव्यच आहे. मंत्र्याची टर उडवणे आणि दुबळ्या शेजाऱ्याचा पाणउतारा करणे यांत आम्ही फरक करतो. पहिल्याला धैर्य लागते, दुसऱ्याला फक्त जमाव लागतो. परंतु दुसऱ्याचेही उत्तर, जोवर तो हिंसेला चिथावत नाही तोवर, शब्दांनीच द्यावे. बेडी हे युक्तिवादाचे साधन नव्हे.

या सर्वांत वृत्तपत्रे आणि दूरचित्रवाणी यांचा वाटा काय, हे आमच्याच धंद्यातले आहे म्हणून झाकून ठेवणे बरे नव्हे. मोहदच्या अटकेची बातमी सातासमुद्रापलीकडे गेली. सुटकेची बातमी तेवढी लांब गेली नाही. आरोप ठळक अक्षरांत येतो, निकाल कोपऱ्यात येतो आणि पुष्कळदा येतच नाही. आरोपीला गुन्हेगार म्हणणारा वार्ताहर व ध्वनिक्षेपकावर ओरडणारा निवेदक न्यायाधीशाचे काम फुकटात करीत असतात; त्यांना अपील नसते. आमची मागणी साधी आहे. ज्या पानावर, ज्या आकाराच्या अक्षरांत अटक छापली, त्याच पानावर, त्याच आकाराच्या अक्षरांत सुटका छापावी. सरकारची खुशामत करणाऱ्या वृत्तपत्राला आम्ही एक वेळ क्षमा करू. निर्दोषाची सुटका गिळून टाकणाऱ्याला करणार नाही.

आता शेवटचे आणि आमच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे. मोहदच्या माणसांना कोणी सोडवले? निकालपत्रांनी नव्हे, अग्रलेखांनी नव्हे, दिल्लीच्या परिसंवादांनी तर नव्हेच. ज्यांच्या साक्षीवर खटला उभा केला होता, त्यांनीच न्यायालयात त्या कथित घोषणांना दुजोरा दिला नाही, म्हणून ते सुटले. ज्याच्या नावावर फिर्याद होती तो शेजारी पहिल्याच आठवड्यात म्हणाला, हे माझे म्हणणे नव्हे. वाचकहो, त्या दिवसांत हे म्हणणे सोपे होते काय? देशभर चवताळलेले वातावरण, समोर खाकी वर्दी, पाठीमागे गावातली कुजबूज! होय म्हणणे म्हणजे सुखाने झोपणे होते. नाही म्हणणे म्हणजे रोज उठून धास्ती. तरी त्या माणसाने न ऐकलेले ऐकले म्हटले नाही. भाषणस्वातंत्र्याचे रक्षण करायला वक्ता लागतो असे आपण समजतो. मोहदने दाखवून दिले की त्याला प्रामाणिक कानही लागतो.

म्हणून बऱ्हाणपूरच्या व भोवतालच्या गावांतल्या प्रत्येक मराठी वाचकाला आमचे सांगणे आहे. तुमच्या नावाने फिर्याद लिहिली जात असेल तर ती वाचून दाखवली गेल्याशिवाय सही करू नका; वाचून दाखवणे व तिची प्रत तुम्हाला फुकट देणे हे कायद्याने बंधनकारक आहे. पंच म्हणून बोलावले तर पंचनाम्याचा शब्द न् शब्द वाचा आणि कोऱ्या कागदावर अंगठा किंवा सही कधीही देऊ नका. तपासातील पोलिसांपुढच्या जबाबावर साक्षीदाराची सही घ्यायची नसते, हेही ध्यानात ठेवा; कोणी मागितली तर नम्रपणे नकार द्या. आणि शब्दांवरून कोणाविरुद्ध गुन्हा नोंदवला जात असेल तर ठाणेदाराला आठवण करून द्या की ३ वर्षे वा त्याहून अधिक, पण ७ वर्षांहून कमी शिक्षेच्या गुन्ह्यांत आधी १४ दिवसांत प्राथमिक चौकशी करण्याची सोय नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये आहे, आणि बोलण्या-लिहिण्यासंबंधीच्या प्रकरणांत तशी चौकशी करणे नेहमीच उचित, असे सर्वोच्च न्यायालयाने २८ मार्च २०२५ रोजी एका कवितेच्या खटल्यात बजावले आहे. हे सांगायला वकिलाची सनद लागत नाही. थोडा ताठ कणा लागतो.

आमच्या या शहरात फारुकी सुलतानांनी बांधलेली जामा मशीद आहे. तिच्यात अरबी लेखाबरोबर संस्कृत शिलालेखही कोरलेला आहे, सन १५९० च्या सुमाराचा. ज्या सुलतानाने तो कोरवला, त्याला दुसऱ्याची भाषा आपल्या भिंतीवर पाहून भीती वाटली नाही. चारशेहून अधिक वर्षांनंतर, लोकांनी निवडून दिलेल्या सरकारला आपल्याच लोकांच्या ओट्यावरच्या बडबडीची भीती वाटावी काय? बोलू द्या लोकांना. चुकीचे बोलतील, वेडेवाकडे बोलतील, तुम्हाला आणि आम्हालाही चार शिव्या देतील. त्यातूनच सरकारला कळेल की केळीला भाव नाही, मागाला वीज नाही आणि नळाला पाणी नाही. आणि ते बोलल्याबद्दल कोणाला धरून नेले, तर शेजाऱ्याने पुढे होऊन सांगावे: मी तिथे होतो, जे ऐकले तेच सांगेन, जे ऐकले नाही ते सांगणार नाही. एवढे जरी या जिल्ह्यातल्या दहा-दहा माणसांनी प्रत्येक गावात ठरवले, तरी दुसरे मोहद घडणार नाही.